द्राक्षगर्भ: पिशवी रिकामी झाली, मग दर आठवड्याला रक्त कशाला तपासायचं?

पाळी चुकली, घरी केलेल्या तपासणीत दोन रेघा उमटल्या, उलट्यांनी जीव नकोसा झाला. अडीच महिने होत आले तेव्हा थोडं अंगावरून जायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली, तर पडद्यावर बाळ नाहीच. नुसते बारीक पांढरे-काळे ठिपके. डॉक्टर म्हणतात, ‘मोलर प्रेग्नन्सी म्हणजे द्राक्षगर्भ आहे, पिशवी रिकामी करावी लागेल, नंतर सहा महिने रक्त तपासत राहावं लागेल आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत.’ बोलता बोलता ‘कॅन्सर’ हा शब्दही कानावर पडतो. घरी पोचेपर्यंत नवऱ्याने फोनवर नको ते वाचून काढलेलं असतं आणि सासूबाईंनी चार जणींना फोन केलेले असतात.

यातलं पिशवी रिकामी करणं सगळ्यांना कळतं आणि ते बहुतेक वेळा व्यवस्थित पारही पडतं. गाडी अडते ती पुढे. बाईला बरं वाटायला लागतं, पाळी सुरू होते, तपासणीला जायचं तर शहरात जावं लागतं, पैसे लागतात. मग एक तपासणी चुकते, दुसरी चुकते. खरा धोका या चुकलेल्या तपासण्यांमध्ये असतो, म्हणून या लेखात शस्त्रक्रियेपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मुळात होतं काय

गर्भ राहतो तेव्हा आईच्या बीजातली २३ आणि बापाच्या शुक्राणूतली २३ गुणसूत्रं एकत्र येतात. हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की या दोन वाट्यांची कामं सारखी नसतात. काही जनुकं आईकडून आली तरच चालू असतात, काही बापाकडून आली तरच. ढोबळ मानाने बापाकडची जनुकं वार वाढवण्यावर जोर देतात, तर आईकडची जनुकं त्या वाढीला लगाम घालतात आणि बाळाची घडण नीट व्हायला दोन्हीकडची लागतात.

द्राक्षगर्भाचे दोन प्रकार: पूर्ण आणि अर्धवट. पूर्ण द्राक्षगर्भात आईकडचा वाटा गायब असतो. बीजाचा गाभा कुठेतरी हरवलेला असतो आणि अशा रिकाम्या बीजात एक शुक्राणू शिरतो. त्याची २३ गुणसूत्रं स्वतःचीच नक्कल काढून ४६ होतात. कधी कधी दोन शुक्राणू शिरतात आणि दोघांची मिळून ४६ होतात. मोजायला गेलं तर आकडा बरोबर, पण सगळा माल एकाच बाजूचा. जपानमधल्या काजी आणि ओहामा या संशोधकांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं, तोवर कोडंच होतं. परिणाम काय, तर वार बेफाम वाढते आणि बाळ तयारच होत नाही. घर बांधायला घ्यावं आणि सगळं सिमेंट, वाळू, विटा कंपाउंडच्या भिंतीतच संपून जावं, तसं. वारेतल्या ज्या बारीक फांद्यांमधून बाळाला पोषण मिळायचं, त्या पाणी भरून फुगतात आणि द्राक्षांच्या घडासारख्या दिसायला लागतात.

अर्धवट द्राक्षगर्भाची गोष्ट वेगळी. तिथे बीज चांगलं असतं, पण त्यात दोन शुक्राणू शिरतात. एकूण गुणसूत्रं होतात ६९, म्हणजे आईचा एक वाटा आणि बापाचे दोन. यात गर्भाचा काही भाग तयार होतो, कधी काही काळ ठोकेही दिसतात. म्हणूनच हा प्रकार मनाला जास्त चटका लावतो. पण ६९ गुणसूत्रांचं बाळ जगू शकत नाही.

आता घरात हमखास होणाऱ्या एका चर्चेबद्दल. ‘सुनेतच दोष असणार’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही गर्भपातानंतर तयारच असतं. द्राक्षं खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, गाडीवर बसली, कुणाची नजर लागली. पूर्ण द्राक्षगर्भाच्या पेशींच्या गाभ्यात बहुतेक वेळा आईचं एकही गुणसूत्र नसतं, तरी बोल तिलाच. अर्थात यावरून नवऱ्याला धरायचं असंही नाही. बीज आणि शुक्राणू एकत्र येताना घडलेली ही चूक आहे. खाण्यापिण्याने, कामाने, संबंधांमुळे किंवा आधी घेतलेल्या एखाद्या गोळीमुळे ती घडत नाही.

साधारणपणे हजार गर्भारपणांमागे एक-दोन इतकं याचं प्रमाण धरतात. आशियातल्या काही भागांत ते जास्त नोंदवलेलं आहे. वयाचा संबंध मात्र ठळक आहे. अगदी कोवळ्या वयात, म्हणजे विशीच्या आत दिवस राहिले तर धोका थोडा वाढतो आणि चाळिशीनंतर तो बराच चढतो. आधी एकदा द्राक्षगर्भ झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. दोनदा झाला असेल तर मात्र ती पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत जाते. अशा बायकांपैकी काहींमध्ये एनएलआरपी७ नावाच्या जनुकात दोष सापडतो आणि तो घराण्यात बहिणी-बहिणींमध्येही दिसू शकतो. तो तपासायला जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. एकदाच झालेल्या बाईला या तपासणीच्या मागे लागायचं कारण नाही.

जुन्या काळी लोकांनी याच्या कहाण्या केल्या. नेदरलँड्समधल्या हेगजवळ लोसडाउनेन नावाचं गाव होतं, आता ते हेग शहराचाच भाग आहे. तिथे अशी दंतकथा सांगतात, की १२७६ मध्ये हेन्नेबेर्गची सरदारीण मार्गारेट हिला एका भिकारणीचा शाप लागला आणि तिने एका दिवसात ३६५ मुलांना जन्म दिला. हा द्राक्षगर्भ असावा, असं वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्या अनेकांना वाटतं. शाप बाईलाच लागतो, हे मात्र तिकडेही तसंच.

कळतं कसं

जुन्या पाठ्यपुस्तकातलं चित्र असं: चौथ्या महिन्यात भरपूर रक्तस्राव, सोबत द्राक्षासारखे फुगे पडतात, पोट दिवसांपेक्षा मोठं, उलट्या थांबत नाहीत, पाचव्या महिन्याच्या आतच रक्तदाब चढतो, छातीत धडधड आणि हाताला कंप. या सगळ्यामागे एकच संप्रेरक असतं: एचसीजी. घरच्या तपासणीत दोन रेघा उमटतात त्या याच्यामुळे. वारेच्या पेशी ते तयार करतात. वार बेफाम वाढली की तेही बेफाम वाढतं आणि आकडा लाखाच्या पुढे जातो. त्याची रचना थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्यामुळे थायरॉइडही उगाच जोरात चालायला लागतं. धडधड होते ती म्हणून. याच संप्रेरकामुळे बीजांडकोशांवर मोठमोठ्या पाण्याच्या गाठी येतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘दोन्ही बाजूंना सिस्ट’ वाचून घाबरून त्यांचं ऑपरेशन करून घेऊ नये. एचसीजी उतरलं की दोन-चार महिन्यांत त्या आपोआप जिरतात. गाठीला पीळ पडून अचानक भयंकर दुखायला लागलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

हल्ली सोनोग्राफी लवकर होत असल्याने असं भरगच्च चित्र कमी दिसतं. आठव्या-दहाव्या आठवड्यातच काहीतरी बिनसलंय हे कळतं. पण लवकर पाहण्यातली एक अडचण आहे. फुगे तेवढे मोठे झालेले नसतात, त्यामुळे सोनोग्राफीत तो साधा ‘ठोके न आलेला गर्भ’ वाटू शकतो. अर्धवट प्रकारात तर हे फारच वेळा होतं. मग पिशवी साफ केली जाते, सगळे विसरून जातात आणि खरं काय होतं ते कुणाला कळतच नाही.

म्हणून गर्भ नीट वाढला नाही म्हणून पिशवी साफ करावी लागली, तर निघालेला भाग पॅथॉलॉजीकडे तपासायला गेला आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. फॉर्मॅलिन घातलेली छोटी बरणी, तिच्यावर नाव आणि तारीख, एवढाच हा मामला असतो. कधी कधी ती बरणी नातेवाइकांच्याच हातात देऊन ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणतात आणि धावपळीत ती राहून जाते. ती पोचवा आणि रिपोर्ट घ्यायला विसरू नका. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या फांद्या पाहतात. शंका असली तर पी५७ नावाचा रंग लावून बघतात. हे प्रथिन आईकडून आलेल्या जनुकामुळेच बनतं, त्यामुळे पूर्ण द्राक्षगर्भात त्या फांद्यांच्या पेशी हा रंग घेत नाहीत. आईचा वाटा हरवल्याचा पुरावा असा काचपट्टीवर दिसतो.

याच कारणासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणं वाईट. नको असलेलं गर्भारपण असेल तरी आधी सोनोग्राफी हवी. आत द्राक्षगर्भ असेल तर गोळ्यांनी रक्तस्राव आवरेनासा होऊ शकतो आणि पडलेला भाग तपासणीला जातच नाही.

एक गंमतशीर, पण डॉक्टरांनाही चकवणारी गोष्ट. एचसीजी प्रचंड वाढलं की घरच्या तपासणीची पट्टी कधी कधी उलट ‘नाही’ म्हणते. पट्टीवरचं रसायन इतकं भरून जातं, की रेघ उमटतच नाही. पाळी चुकली आहे, उलट्या आहेत, पोट वाढतंय आणि पट्टी कोरी, असं असेल तर पट्टीवर विसंबू नका.

पिशवी रिकामी करताना

यासाठी सक्शन हा मार्ग. भूल देऊन, सोनोग्राफीवर बघत, नळीने आतला भाग ओढून घेतात. द्राक्षगर्भाची पिशवी मऊ आणि रक्ताने भरलेली असते. धारदार हत्याराने खरवडलं तर ती फाटण्याचा धोका असतो, म्हणून खरवडणं टाळतात. कळा आणणारी औषधं देऊन गर्भ पाडणंही सहसा टाळतात. अर्धवट प्रकारात गर्भाचे भाग नळीतून येणार नाहीत इतके मोठे असले, तर गोष्ट वेगळी. आधी रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, लिव्हर-किडनी आणि छातीचा एक्स-रे करतात, रक्ताची पिशवी हाताशी ठेवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. पोट फार वाढलेलं असेल, थायरॉइड किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर रक्तपेढी आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयातच हे व्हावं. गावातल्या छोट्या दवाखान्याने पुढे पाठवलं म्हणून त्यांना नावं ठेवू नयेत, उलट त्यांनी शहाणपणा केला.

मुलं झालेली आहेत, वय चाळिशीच्या पुढे आहे, अशा बाईला कधी कधी पिशवीच काढून टाकायचा पर्याय सुचवतात. तो चालतो. पण त्यानंतरही रक्ताच्या तपासण्या चुकत नाहीत, कारण काही पेशी त्याआधीच रक्तातून फुप्फुसापर्यंत गेलेल्या असू शकतात.

जुळ्यांमध्ये एक द्राक्षगर्भ आणि दुसरं धडधाकट बाळ, असंही फार क्वचित होतं. तिथे लगेच गर्भपात करायलाच हवा असं नाही, जोखीम नीट समजून घेऊन पुढे जाता येतं. हा निर्णय मोठ्या केंद्रातच व्हायला हवा.

आकडा उतरतोय का?

आता मुख्य मुद्दा. पिशवी साफ झाली तरी वारेच्या काही पेशी भिंतीत रुतून राहिलेल्या असू शकतात. बहुतेकींमध्ये त्या आपोआप मरतात. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के बायकांमध्ये आणि अर्धवट प्रकारानंतर १ ते ५ टक्क्यांमध्ये त्या मरत नाहीत, पुन्हा वाढायला लागतात. सुरुवातीला कानावर पडलेला ‘कॅन्सर’ हा शब्द याबद्दलचा. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, सोनोग्राफीतही काही दिसेलच असं नाही. पण या पेशी जिथे कुठे असतील तिथून एचसीजी सोडत राहतात. शरीराच्या कुठल्याही कोपऱ्यात लपल्या तरी रक्तात त्यांची खूण सापडते. बाकीच्या कॅन्सरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

फाइलमधली पानं कशी दिसतात ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघू. पिशवी रिकामी करण्याआधी बीटा-एचसीजी (रिपोर्टात एचसीजीचा आकडा याच नावाने येतो) १,८५,०००. त्यानंतर दर आठवड्याचे आकडे असे: ४,१००, ६२०, २१०, ८८, ४१, १९, ९ आणि आठव्या आठवड्यात ३. पाचच्या खाली आलं की बहुतेक लॅबच्या मोजणीनुसार ते नॉर्मल. सुरुवातीला आकडा धपकन उतरतो, नंतर रेंगाळत उतरतो. शेवटच्या टप्प्यात ‘८८ वरून ४१ वरच आलं’ म्हणून रडकुंडीला यायचं काही कारण नाही, तो उतरतोच आहे. काहींना नॉर्मल व्हायला तीन-साडेतीन महिनेही लागतात.

दुसरी फाइल: ४,१००, ८४०, ७९०, ८१०, ८०५. इथे बाई ठणठणीत आहे, घरकाम करते आहे, नोकरीवर जाते आहे. पण आकडा तीन आठवड्यांच्या अवधीत, चार तपासण्यांत जागचा हलला नाही. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोगतज्ज्ञ संघटना ‘फिगो’च्या निकषानुसार एवढं पुरेसं आहे. दोन आठवड्यांत लागोपाठ तीन तपासण्यांत आकडा दहा टक्क्यांहून अधिक चढत गेला तरी तेच. मग पुढचे उपचार सुरू करायचे. तुकडा काढून ‘आधी सिद्ध करा’ म्हणत बसायचं नाही. उलट, आजार योनीत पसरून तिथे गाठ दिसत असेल आणि तिचा तुकडा काढायला गेलं तर रक्तस्राव आवरत नाही, म्हणून तिला हातही लावत नाहीत.

तपासणीबाबतच्या काही साध्या गोष्टी आहेत, पण त्यांनी फार फरक पडतो. तपासणी आकडा सांगणारी हवी, लघवीची ‘हो-नाही’वाली पट्टी नको. शक्यतो प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण लॅबनुसार यंत्रं आणि किट वेगळी असतात आणि आकड्यांत फरक पडतो. सासरी गेलं की एका लॅबमध्ये, माहेरी आलं की दुसऱ्या, असं केलं की चढ खरा की यंत्राचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आठवडा म्हणजे आठवडा. आणि रिपोर्ट हातात पडल्यावर तो घरी कपाटात न ठेवता डॉक्टरांपर्यंत पोचवा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तरी चालतं का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. बारीक आकडा महिनोन्महिने तसाच दिसतोय आणि बाकी सगळं ठीक, तर कधी कधी रक्तातल्या दुसऱ्याच प्रतिपिंडांमुळे यंत्र फसलेलं असतं. तेव्हा लघवीतलं एचसीजी बघून खातरजमा करतात, कारण ती प्रतिपिंडं लघवीत उतरत नाहीत.

किती दिवस तपासायचं? आकडा नॉर्मल होईपर्यंत दर आठवड्याला, त्यानंतर महिन्याला. नव्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी हा काळ कमी केला आहे. अर्धवट द्राक्षगर्भात नॉर्मलनंतर महिन्याने एक तपासणी, तर पूर्ण प्रकारात नॉर्मलनंतर तीन महिने दरमहा. आपल्याकडचे बरेच डॉक्टर अजून सहा महिने सांगतात. माझ्या मते त्यांच्याशी वाद घालत बसू नये, पण वय जास्त आहे आणि मूल हवं आहे म्हणून दिवस मोजत असाल, तर ‘नव्या सूचनांनुसार माझ्या बाबतीत लवकर थांबता येईल का’ हे जरूर विचारा.

या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत, यामागचं कारण अनेकींना कुणी नीट सांगतच नाही. गर्भ राहण्याने आजार वाढतो, असं नाही. नव्या गर्भाचंही एचसीजी वाढतं आणि मग वाढलेला आकडा बाळाचा की आजाराचा, हे ओळखता येत नाही. एवढंच. निरोध चालतो, गर्भनिरोधक गोळ्याही चालतात. पूर्वी गोळ्यांबद्दल शंका होती, आता ती राहिलेली नाही. तांबी मात्र आकडा नॉर्मल होईपर्यंत बसवत नाहीत, कारण मऊ पिशवीला इजा होऊ शकते. आणि चुकून दिवस राहिलेच तर घाबरून गोळ्या आणू नका. डॉक्टरांना सांगा, लवकर सोनोग्राफी करा. बहुतेक वेळा ते गर्भारपण नीट असतं.

ब्रिटनमध्ये १९७३ पासून अशा प्रत्येक बाईची नोंद ठरावीक केंद्रांत होते, लंडनचं चेअरिंग क्रॉस रुग्णालय हे त्यातलं मोठं केंद्र. नमुन्याच्या बाटल्या टपालाने घरी येतात, नमुना टपालानेच परत जातो आणि एखादीने पाठवला नाही तर केंद्राकडूनच विचारणा होते. आपल्याकडे ही सगळी आठवण त्या बाईने एकटीने ठेवायची, तीही गर्भ गेल्याच्या दुःखात, कामाच्या रगाड्यात. एका तपासणीला काहीशे रुपये, वर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. ‘बायका फॉलोअपला येत नाहीत’ असं म्हणणं सोपं आहे. निदान नवऱ्याने तारखा आपल्या फोनमध्ये टाकाव्यात, आशाताईंच्या कानावर घालावं आणि जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ही तपासणी होते का याची चौकशी करावी.

इंजेक्शनं लागली तर

आकडा अडला किंवा चढला की सीटी स्कॅन, एक्स-रे वगैरे होतात आणि फिगोच्या तक्त्यानुसार गुण मांडतात. वय, आकडा, गाठीचा आकार, आजार कुठे कुठे पोचलाय, अशा आठ गोष्टी त्यात असतात. सहा किंवा कमी गुण म्हणजे कमी जोखीम. द्राक्षगर्भानंतरच्या बहुतेक बायका याच गटात येतात. त्यांना एकच औषध पुरतं, बहुधा मेथोट्रेक्सेट. एक नेहमीची पद्धत अशी: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन, मधल्या दिवसांत त्याचा त्रास कमी करणारं फोलिनिक अॅसिड, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा तेच चक्र. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, थकवा येतो, पण केस सहसा जात नाहीत. एक काळजी घ्यायची. फोलिनिक अॅसिड आणि गरोदरपणात घेतो ती फॉलिक अॅसिडची गोळी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरात उरलेली फॉलिक अॅसिडची गोळी ‘ताकदीसाठी’ म्हणून घेऊ नका, तिने औषधाचा असर कमी होऊ शकतो. एका औषधाने भागलं नाही तर दुसरं, नाहीतर चार-पाच औषधं एकत्र. कमी जोखमीच्या गटात जवळजवळ सगळ्याजणी बऱ्या होतात आणि जास्त जोखमीच्या गटातही नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. इतर फार थोड्या कॅन्सरांमध्ये असे आकडे ऐकायला मिळतात. महाराष्ट्रात केमोथेरपीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मिळू शकतो. मुंबईत टाटा मेमोरियल आहेच.

या औषधाचा इतिहास सांगायला हवा, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. मेथोट्रेक्सेट तयार झालं ते अमेरिकेत, लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस १९४८ मध्ये वारला, औषधाचं पुढचं यश त्याला बघायला मिळालं नाही. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींचा कॅन्सर फुप्फुसात पसरलेल्या बाईला हे औषध दिलं आणि गाठी विरघळल्या. एक्स-रे स्वच्छ झाला. पण लींचं लक्ष आकड्यावर होतं. एचसीजी अजून शून्याला पोचलं नव्हतं, म्हणून त्यांनी औषध चालूच ठेवलं. दिसणारा आजार गेल्यावरही विषारी औषध देत राहणं वरिष्ठांना भलताच प्रयोग वाटला आणि ली यांना संस्था सोडावी लागली. पुढे कळलं, की आकडा शून्य होण्याआधी उपचार थांबवलेल्या बायकांचा आजार उलटला आणि लींच्या बायका बऱ्या राहिल्या. १९७२ मध्ये त्यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आजही आकडा नॉर्मल झाल्यावर वरून दोन-तीन चक्रं औषध देतात, ते याच धड्यातून.

मधल्या काळात आणि त्यानंतर

‘बाळच नव्हतं, मग रडतेस कशाला’ असं बोलणारे भेटतात. दिवस राहिल्याचं तिने ऐकलेलं असतं, नावंही मनात ठरलेली असतात. त्यात इतर गर्भपातांनंतर ‘तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतात, इथे तेही नाही. दर आठवड्याला सुई आणि आकड्याची वाट. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगावं. नवऱ्याने तपासणीच्या दिवशी सोबत जावं, रिपोर्ट तिच्याआधी उघडून गंभीर चेहरा करून बसू नये.

या महिन्यांत खोकल्यातून रक्त आलं, दम लागला, सतत डोकं दुखायला लागलं किंवा अंगावरून पुन्हा जोरात जायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि हे द्राक्षगर्भ न झालेल्यांनीही ध्यानात ठेवावं: वारेच्या पेशींचा हा कॅन्सर क्वचित साध्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतरही होतो. बाळंतपणाला काही महिने उलटून गेल्यावर विनाकारण रक्तस्राव होत असेल तर एक एचसीजी करून घ्यायला हरकत नाही.

पुढचं मूल? शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना पुढच्या खेपेला द्राक्षगर्भ होत नाही. औषधं घ्यावी लागली असतील तर शेवटच्या डोसानंतर वर्षभर थांबायला सांगतात, आणि त्यानंतरची बाळंतपणंही बहुतेक वेळा नीट होतात. दिवस राहिले की सहाव्या-आठव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यायची आणि नव्या डॉक्टरकडे जात असाल तर आधीची फाइल सोबत न्यायची. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी एकदा बीटा-एचसीजी करून घ्या, असं बरेच डॉक्टर सांगतात. बाळाच्या लसीकरणाच्या गडबडीत हीच तपासणी राहून जाते, तेव्हा बाळाची सहा आठवड्यांची लस असेल त्याच दिवशी आईचंही रक्त देऊन टाकावं.